पेट्रोलमध्ये पाणी कुणी घातलं

आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आलेल्या दुचाकीला सगळ्यात आधी मी भेटते, पण तिला हात लावत नाही. मी मालकाला विचारते, "काय होतंय?" आणि तो जे बोलेल ते तसंच्या तसं टाइप करते. भाईंदरच्या नवघर रोडवरच्या या काउंटरवर मी सात वर्षं हेच करते आहे. सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल आणि पाने-पकडी असं लोकांना वाटतं. खरं तर त्यातलं अर्धं काम लिहिण्याचं असतं, आणि आमच्याकडून झालेली सगळ्यात वाईट चूकही लिहिण्यातलीच होती. ती माझ्या हातून झाली, म्हणून मीच सांगते.

गाडी आली की तिचं जॉब कार्ड उघडतं. त्यात दोन चौकटी असतात. पहिली चौकट "ग्राहकाचे म्हणणे". तिथे काहीही टाइप करता येतं, आणि नियम असा की माणूस जे बोलला तेच लिहायचं. आपण सुधारून लिहिलं तर गाडी घ्यायला आल्यावर तो म्हणतो, मी हे बोललोच नव्हतो. त्यामुळे मी "गाडी खोकते" असं लिहिलं आहे, "सिग्नल पे बेइज्जती करती है" असंही लिहिलं आहे, आणि "मिसेस बसल्या की आवाज येतो, एकटा असलो की येत नाही" हे मिसेससमोर लिहिलं आहे. मी इंग्रजी शाळेतली. मराठी टाइप करायला मी या पहिल्या चौकटीत शिकले.

दुसरी चौकट "दोषाचे कारण". तिथे टाइप करता येत नाही. क्लिक केलं की एक यादी उघडते आणि तिच्यातलं एक कारण निवडावं लागतं. सामान्य झीज, अपघात, ग्राहकाचा निष्काळजीपणा, इंधनात पाणी किंवा भेसळ, अशी ती यादी आहे. ती आमच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात कुणीतरी बनवली. त्यातलं काही निवडल्याशिवाय कार्ड बंद होत नाही, आणि कार्ड बंद झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. या यादीत इथेनॉल हा शब्द नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही.

इथेनॉल म्हणजे दारूत असतं तेच अल्कोहोल. ते उसापासून काढतात, तांदळापासून काढतात, आणि आता मक्यापासूनही भरपूर काढतात. धान्य आंबवायचं, गाळायचं, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायचं. आधी थोडं मिसळायचे, मग प्रमाण वीस टक्क्यांवर नेलं. म्हणजे पाच लिटरची टाकी फुल केली तर त्यात एक लिटर इथेनॉल असतं.

मी याच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. माझे मामा सिल्लोडकडे मका लावतात. मागच्या वर्षी फोनवर म्हणाले, "अगं, पूर्वी मका म्हटलं की व्यापारी तोंड वाकडं करायचा. आता स्वतःहून फोन करतो, मामासाहेब म्हणतो." त्यांचा आवाज इतका खूष मी कधी ऐकला नव्हता. बाहेरच्या देशातून तेल कमी आणावं लागतं, धूर थोडा स्वच्छ होतो, हेही खरं. पण त्याच घरात मामांचा जावई कोंबड्या पाळतो. कोंबड्यांचं खाद्य म्हणजे मकाच. तो महागल्यापासून जावई सासऱ्यांशी जेवताना फक्त मीठ मागण्यापुरतं बोलतो. शिवाय मका काही हवेवर वाढत नाही. त्याला जमीन लागते, पाणी लागतं, खत लागतं. खाण्याची वस्तू टाकीत जाळावी का, हा प्रश्न मामांच्या एका ताटातच सुटत नाही, तर मी काउंटरवर बसून काय सोडवणार?

काउंटरवर मला जे दिसलं तेवढंच सांगते. नवीन गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत, त्यांची फार तक्रार नसते. जुन्या गाड्यांचे मालक मात्र म्हणायला लागले की ॲव्हरेज पडलं, सकाळी स्टार्ट होत नाही, पाइपचं रबर फुगलं. त्या काळात आम्हाला एक ट्रेनिंग मिळालं. अर्धा दिवस होतं. सीट कव्हर आणि मोबाईल होल्डर ग्राहकाच्या गळ्यात कसे घालायचे, ते त्यात शिकवलं. पेट्रोल बदललं आहे, याबद्दल एक वाक्य नव्हतं.

अशात समुद्राकाठच्या उत्तनहून लॉरेन्स अंकलची, अजून वॉरंटीत पण वीस टक्क्यांच्या आधी घेतलेली स्कूटर आली. आली म्हणजे टेम्पोत घालून आणली. अंकल वाडीत भाजी पिकवतात आणि स्कूटरवरून भाईंदरला आणून विकतात. चिंच पाडायला झाडावर चढले, पाय मोडला, आणि अडीच महिने घरी बसले. प्लास्टर निघाल्यावर पहिली किक मारली ती वाया गेली.

"काय होतंय, अंकल?"

"काय पण होत न्हाय, तोच तर प्रॉब्लेम हाय. तसाच लिही, पोरी."

मी तसंच लिहिलं.

"पेट्रोल कधी भरलं होतं?"

"पाय मोडला त्याच दिवशी सकाळी. टाकी फुल. सवितेकडशी. मी दुसऱ्या कोनाकडं भरतच न्हाय."

सविताताई गोडदेवला राहतात आणि भाईंदरमधल्या एका पंपावर पेट्रोल भरतात. मीही त्यांच्याकडेच भरायचे. नोझल लावण्याआधी त्या मीटरकडे बोट करून "झिरो बघा" म्हणतात आणि आपण बघेपर्यंत थांबतात. बरेच जण म्हणतात, पण थांबत नाहीत. अंकल एवढ्याचसाठी चार पंप सोडून त्यांच्याकडे जायचे.

गाडी आत गेली. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक गुप्ताजी. त्यांची बाटलीची टेस्ट आमच्याकडे प्रसिद्ध आहे. टाकीच्या तळाचं पेट्रोल एका पारदर्शक बाटलीत काढायचं आणि स्थिर ठेवायचं. खाली वेगळा थर बसला, तर त्याच्या वरच्या कडेला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळायची. टेपच्या खाली पाणी, वर पेट्रोल. गुप्ताजी वीस वर्षं ही टेस्ट करतात आणि ती कधी चुकलेली नव्हती. त्यांनी बाटली काउंटरवर आणून ठेवली. लाल टेप तळापासून चांगली चार बोटं वर होती.

"अंकल, ये देखो. चार उंगली पानी. इतना पानी टंकी में अपने आप नहीं आता. किसी ने दिया है।"

अंकल बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सविता असा न्हाय करनार." मग पुन्हा बघितलं आणि बाटलीला बोटं लावून थर स्वतः मोजला.

मी दुसरी चौकट उघडली आणि "इंधनात पाणी किंवा भेसळ" निवडलं. विचार केला नाही. तळाशी थर दिसत होता, यादीत शब्द होता, दोन्ही जुळले. ते निवडलं की खाली आपोआप एक ओळ छापून येते: वॉरंटी लागू नाही. म्हणजे खराब झालेला फ्युएल पंप अंकलनी स्वतःच्या खिशातून बदलायचा. यादी कुणाच्या सोयीसाठी बनवली आहे, ते एवढ्यावरून कळावं. मी प्रिंट काढली, सेंटरचा शिक्का मारला, सही केली. नवा पार्ट यायला आठवडाभर लागणार होता, म्हणून गाडी आमच्याकडे राहिली.

"ती बाटली दे माना," अंकल म्हणाले. आणि कुबडी टेकत, एका हातात बाटली घेऊन निघून गेले.

पुढचं मी मोबाईलवर बघितलं. आमच्या जेसल पार्कच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. पंपावर अंकल उभे होते. ओरडत नव्हते, भोवतीची माणसं ओरडत होती. "सब मिले हुए हैं", "दाखवा, दाखवा, कार्ड दाखवा". सविताताई युनिफॉर्ममध्ये, नोझल हातात घेऊन, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अंकल, मी असं करीन का?" कुणीतरी जॉब कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. शिक्का स्वच्छ दिसत होता. त्याखालची माझी सहीही.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आता सर्व्हिस सेंटरनेच लिहून दिलंय म्हटल्यावर काय." त्यावर अंगठे होते. माझ्या बाबांनीही अंगठा दिला होता.

चार दिवसांनी सविताताई आमच्याकडे आल्या. टोकन घेऊन, ग्राहकांच्या खुर्चीत बसून, नंबर येईपर्यंत थांबल्या. मी मान वर न करता विचारलं, "गाडी नंबर?"

"गाडी नाही आणली, मॅडम. हे आणलंय." त्यांनी फोनवरचा कार्डाचा फोटो समोर धरला. "तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"पाणी बघितलंत?"

"बाटलीत दिसलं."

"बाटलीत तर सगळ्या भाईंदरने बघितलं. माझ्या नळीतून गेलं, हे तुम्हाला कुठे दिसलं?"

मी स्क्रीनकडे बघितलं. मला माणसांशी वाद घालता येत नाही. शाळेतही उत्तर येत असताना हात वर करत नसे.

त्या आवाज न चढवता सांगत राहिल्या. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत रोज सकाळी काठी सोडतात. काठीच्या टोकाला एक लेप लावलेला असतो. तळाशी पाणी असेल तर लेपाचा रंग बदलतो. "नऊ वर्षांत एकदा रंग बदलला, तेव्हा आम्ही पंप बंद ठेवला होता. अंकलचा पाय मोडला त्या दिवशी काठी मीच सोडली होती. रंग बदलला नव्हता. त्या दिवशी शेकडो गाड्या गेल्या, मॅडम. त्यातली दुसरी कुठली बंद पडली?"

"मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, लोक शांत होईपर्यंत घरी बस. माझ्या जागी एक मुलगी ठेवलीय. महिना बघतो, मग ठरवतो म्हणाले." त्यांनी फोन पिशवीत ठेवला. "महिन्यात तुमच्या कागदाचं काही झालं नाही, तर मी गेले. दुसरा पंपवाला मला ठेवणार नाही. माझा चेहरा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे."

"सरांना विचारून सांगते," मी म्हणाले. सात वर्षं हेच वाक्य माझ्या कामी आलं आहे.

त्या उठल्या. "लिहिताना सरांना विचारलं होतंत?"

सरांना विचारलं. आमचे वर्क्स मॅनेजर माणूस म्हणून वाईट नाहीत. ते म्हणाले, "बंद झालेलं कार्ड आपण उघडत नाही. आणि पेट्रोलमध्ये काय आहे, इथेनॉल वगैरे, यावर काउंटरवर बोलायचं नाही. वरून सांगितलंय."

"लेखी आलंय का, सर?"

"अशा गोष्टी कोणी लेखी देतं का?"

त्यांच्या या उत्तराने मला राग आला. मला राग उशिरा येतो, पण आला की जात नाही. इथे सगळं लेखी हवं असतं. गाडीवरचा ओरखडा लेखी, आरशाचा तडा लेखी, ग्राहकाच्या मिसेसचा आवाज लेखी. फक्त ज्या एका गोष्टीने एका बाईची नोकरी जाते आहे, ती तोंडी.

इंग्रजीत शिकल्याचा एक उपयोग झाला. घरी बसून मी वाचून काढलं, आणि जे कळलं ते इतकं सोपं होतं की कुणी आम्हाला दहा मिनिटांत सांगू शकलं असतं. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते तळाशी गपचूप बसायचं. चमचाभर शिरलं तर चमचाभरच दिसायचं. इथेनॉलला मात्र पाणी फार आवडतं. पाणी थोडं असेल तर ते त्यात विरघळून जातं आणि काही दिसत नाही. ठरावीक मर्यादा ओलांडली की सगळंच फाटतं. पाणी पेट्रोलमधून इथेनॉल खेचून घेतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. थर मोठा दिसतो, पण त्यात पाणी थोडंच असतं. बाकी सगळं मक्याचं किंवा उसाचं अल्कोहोल.

मी आईच्या औषधाचा चमचा पर्समध्ये टाकून नेला. जेवणाच्या सुट्टीत गुप्ताजींसमोर माझ्या स्वतःच्या स्कूटरमधलं पेट्रोल एका लिटरच्या बाटलीत भरलं. थर नव्हता, त्यांनी उजेडात धरून खात्री केली. मग मी त्यात मोजून चार चमचे पाणी घातलं, झाकण लावलं, हलवलं आणि ठेवलं. थोड्या वेळात खाली थर जमला. चार चमचे कसले, चहाचा मोठा पेला भरला असता एवढा.

"बोतल गीली थी," गुप्ताजी म्हणाले.

त्यांनी दुसरी बाटली फडक्याने पुसली, हवेने सुकवली आणि स्वतःच्या हाताने सगळं पुन्हा केलं. थर तेवढाच आला. मग ते स्टुलावर बसले.

"मतलब बीस साल गलत बोला मैं?"

"नहीं, गुप्ताजी. तेव्हा पेट्रोल वेगळं होतं. तेव्हा तुम्ही बरोबरच होतात."

"और अभी कितनों को बोला?"

याचं उत्तर माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं, कारण ते बोलले ते सगळं निवडलं मी होतं. मी सांगितलं नाही. त्यांनी लाल टेपचं रिंगण उचललं, बघितलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मग ते स्वतःच उठून अंकलच्या गाडीकडे गेले. सीट उचलली. या स्कूटरला पेट्रोलचं झाकण सीटच्या खाली असतं. झाकणाचं रबर फुगून कडेला वाकलं होतं. फुगण्याचं कारणही तेच इथेनॉल असावं, असं गुप्ताजी म्हणाले. त्यांनी टाकी रिकामी करून झाकण लावलं आणि वरून मगभर पाणी ओतलं. उघडून बॅटरी मारली तर आत थेंब ओघळत होते.

पण अंकलनी तर गाडी घरात, छपराखाली, ताडपत्री घालून ठेवल्याचं सांगितलं होतं, मग सीटखाली पाणी गेलं कसं? मी अंकलना फोन करून बोलावलं. ते आंटींना घेऊन आले. फिलोमिना आंटी बारीक, ताठ, हातात छत्री. मी झाकणाचं सांगत होते तेवढ्यात त्याच बोलल्या.

"पानी तर मीच मारलाय. दर शनवारी. शीट उचलून, आतशी, पाइप लावून. खारा वारा हाय आमचेकडं, न्हाय धुतला तर म्हयन्यात सगळा गंजतो. यांचा पाय मोडलेला, म्हनलं गाडी तरी नीट ऱ्हावी."

उत्तनमध्ये हे घरोघरी करतात. समुद्रावरून येणारं मीठ पत्र्यावर बसतं, म्हणून सायकलपासून टेम्पोपर्यंत सगळं गोड्या पाण्याने धुतात, आणि जी बाई सांदीकोपऱ्यात पाणी मारते ती टापटिपीची समजली जाते.

अंकल आंटींकडे वळले. "म्हंजे तूच पानी घातलास?"

"पस्तीस वर्षा धुतेय मी तुमच्या गाड्या. एक तरी बंद पडली काय? मोठे आले बोलनारे. झाडावर चढायला मी सांगितलेला काय?"

गुप्ताजी हसले. मी हसू शकले नाही. आंटींचं बरोबर होतं. पूर्वी असं थोडं पाणी शिरलं तर गुप्ताजींनी तळ काढून दिला असता आणि अंकल भाजी घेऊन घरी गेले असते. मी त्यांना सगळं समजावलं आणि करून दाखवलं, चमच्याचं, थराचं, रबराचं. अंकलनी शांतपणे ऐकलं. मग आंटींनी विचारलं, "मंग ह्या आमाला कोनी सांगितला काय न्हाय?"

खरंच, कुणी का सांगितलं नाही? ज्यांनी पेट्रोल बदललं त्यांनी सांगितलं नाही. ज्यांनी गाडी विकली त्यांनी सांगितलं नाही, आणि मला काउंटरवर बसवून मीही सांगू नये अशी व्यवस्था केली. मका लावणाऱ्या माझ्या मामांना भाव समजला, कारखान्याला नफा समजला, पण सीट उचलून गाडी धुणाऱ्या बाईला "आता झाकणाचं रबर बघत जा" एवढं एक वाक्य मिळालं नाही. आणि गडबड झाली तेव्हा दोष कुणाकडे आला? एका बाईच्या हातात पाण्याचा पाइप होता, एकीच्या हातात नोझल होतं, एकीच्या हातात माउस होता. वरच्यांपैकी कुणाच्या हातात काहीच नव्हतं. इथेनॉल चांगलं की वाईट, यावर टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने बोलतात. मला त्यातल्या दोघांनाही नवघर रोडवर आणून बसवावंसं वाटतं, टोकन देऊन.

बंद कार्ड उघडता येत नव्हतं. पण गाडी अजून आमच्याकडे होती आणि झाकण नवीन घालायचं होतं. म्हणजे नवीन काम, नवीन कार्ड. आणि नवीन कार्ड म्हणजे नवीन पहिली चौकट.

"अंकल," मी म्हणाले, "तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा. मी तसंच्या तसं लिहिते."

त्यांना लगेच कळलं. खुर्चीत सरसावून बसले आणि चर्चमध्ये वाचतात तसं सावकाश सांगायला लागले. मी टाइप केलं: "माझे गाडीत पानी पंपावरशी आला न्हाय. झाकनाचा रबर फुगलेला, तिथशी आला. नवीन पेट्रोलात इथेनॉल हाय, त्याच्यामुळं थोडा पानी जास्ती दिसते. ह्या मी डोल्यांनी बघितला. सविताबायची चूक न्हाय. मी तिला लोकांचेसमोर बोललो, ता मागं घेतो."

"आनि लिही," आंटी म्हणाल्या, "गाडी मी धुतली, आनि चांगली धुतली."

तेही लिहिलं. दुसऱ्या चौकटीत "सामान्य झीज" निवडलं. तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले.

"हा काय निबंध आहे?"

मी खुर्चीतून उठले, कारण बसून मला बोलता आलं नसतं. "ग्राहकाचं म्हणणं आहे, सर. जसंच्या तसं लिहायचा नियम आहे. त्यात एक शब्द माझा नाही."

सरांनी ग्राहकांकडे बघितलं. आंटी छत्री मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या. सर केबिनमध्ये गेले. मी प्रिंट काढली आणि शिक्का मारला. या वेळी सही करताना हात थांबला, पण केली.

अंकल म्हणाले, "तू पन चल. माना ता बाटलीचा जमनार न्हाय." म्हणून सुट्टी टाकून मी गेले. पंपाच्या मालकांच्या ऑफिसबाहेर, नोझलपासून दूर भिंतीपाशी, एक बाटली आणि एक चमचा घेऊन चार-पाच माणसांसमोर मी तोच प्रयोग केला. हिंदीत "थर" ला काय म्हणतात ते आठवेना. पण थराने स्वतःच दाखवलं. मालकांनी बघितलं, कार्ड वाचलं, घडी घातली.

"मॅडम," ते म्हणाले, "हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं."

मी बाटलीचं झाकण लावलं आणि चमचा पर्समध्ये टाकला.

महिना पुरा व्हायच्या आधी सविताताईंना परत बोलावलं. पण नोझलवर घेतलं नाही. आधी काही आठवडे टायरमध्ये हवा भरायच्या कोपऱ्यात उभं केलं, लोकांना चेहऱ्याचा विसर पडेपर्यंत. अंकलचा तो व्हिडिओ अजून फिरतो. मी पंपावर प्रयोग केला तेव्हा तिथल्या एकानेही मोबाईल काढला नव्हता. बाबांना मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, ग्रुपवर टाकतो. टाकलं. त्याला एकच अंगठा आला, तोही माझाच. फ्युएल पंपाची वॉरंटी अंकलना शेवटपर्यंत मिळाली नाही. ते गाडी न्यायला आले तेव्हा माझ्यासाठी वाडीतली वांगी घेऊन आले होते. ती घेताना मला जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडेही एक बदल झाला. पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये पहिली चौकट लहान झाली. आता दोन ओळींच्या पुढे अक्षर उमटत नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, ग्राहकांच्या सोयीसाठी. दुसऱ्या चौकटीची यादी आहे तशीच आहे. दोन ओळींत जेवढं मावतं तेवढं मी लिहिते. "इथेनॉल" शब्द त्यात सहज मावतो. लिहिताना मी आता कुणालाही विचारत नाही.

परवा पेट्रोल भरायला गेले. सविताताई पुन्हा नोझलवर होत्या. मला बघून हसल्या नाहीत. मीटरकडे बोट केलं.

"झिरो बघा, मॅडम."

"बघितला."

"नीट बघा. उद्या लिहायला लागलं तर."

मी नीट बघितला. त्यांनी टाकी भरली, नोझल काढलं, आणि माझ्या झाकणाच्या रबरावरून अंगठा फिरवला.

"रबर कडक झालंय, बदलून घ्या. आणि गाडी धुताना इथे पाणी मारू नका." मग माझ्या मागच्या माणसाकडे वळल्या. "भैया, ढक्कन का रबर दिखाओ."

हे सांगायला त्यांना कुणीही सांगितलेलं नाही.